शीटवरचे वीस श्वास

आई, मागच्या आठवड्यात बाबाले खोकला झाला, म्हणून हे लिहून राह्यलो. तसं सांगण्यासारखं काही नाही. तुले जाऊन अकरा वर्षं झाली. घराले नवा रंग दिला, मागच्या अंगणात न्हाणी बांधली, तुझी हिरवी पर्स अजून खुंटीले आहे. एवढंच. पण एक गोष्ट राहून गेली आहे. तुझ्या शेवटच्या दिवसाच्या, दवाखान्यातल्या शीटवर, दुपारी दोनच्या रकान्यात, माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: श्वास, वीस. तो आकडा मी न मोजता लिहिला असं मी सगळ्यांले सांगत आलो. बाबाले, तुझ्यासोबत ड्युटी करणाऱ्या सिस्टरले, कॉलेजातल्या पोरांले. त्याच्याबद्दल लिहायचं आहे. सरळ तिथं जायचं म्हटलं तर हात थांबते. म्हणून तू शिकवलं तसं करतो. दारापासून सुरू करतो.

आज बाबा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. मी ते बोटाले लावायचं यंत्र आणलं, कोरोनात घेतलेलं. सेल संपलेला. बाबा म्हणाले, "ते डबडं राहू दे. तुह्या मायनं तुले हातानं शिकवलं होतं ना? मंग मोज." मी त्यांचं मनगट धरलं. घड्याळ पाहायचं, नाडीवर बोटं ठेवायची, आणि मोजायचं मात्र छातीकडे पाहून, म्हणजे पेशंटले वाटते नाडीच मोजून राह्यला. श्वास मोजून राह्यला हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेते. हे सगळं हाताले आठवलं, मले आठवावं लागलं नाही. पूर्ण एक मिनिट. अठरा.

"किती?"

"अठरा."

"मोजले का नुसते सांगून राह्यला?"

ते सहज म्हणाले. पेपरातून मान वर न करता. मी आत गेलो, पाणी प्यायलो, परत येऊन पुन्हा मोजले. पुन्हा अठरा. तिसऱ्यांदा मनगट धरलं तर बाबा म्हणाले, "काय बाप्पा, लग्न लावतं का आता हात धरून?" मले हसू आलं नाही. रडूही नाही. मले आजकाल असंच होते, काही येत नाही.

दारापासून म्हणजे मानोऱ्याकडचं ते आरोग्य उपकेंद्र. मी आठ वर्षांचा असेन. तुझी तिथं सिस्टर म्हणून पहिली बदली, शाळेले सुट्टी असली की तू मले सोबत घेऊन जायचीस. दोन खोल्या, व्हरांडा, समोर कडुनिंब. तांड्यावरून एक बाई येऊन राह्यली, कडेवर पोरगं. अजून ती फाटकाशीच आहे आणि तू हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहत उभी आहेस. मी विचारतो, "आई, काय पाहून राह्यली?" तू म्हणतेस, "चाल पाह्य तिची. पाय कसा टाकते, हात कुठं धरते, मधात थांबते का. पलंगापर्यंत येऊस्तोवर अर्धं समजते. उरलेलं विचारायचं." ती बाई येऊन सांगते, कंबर दुखते. तू तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढतेस, आतून पांढरी फटक. नख दाबतेस, सोडतेस. ते पांढरंच राहते, रंग परत यायले वेळ लावते. तू म्हणतेस, "कंबरेचं मागून पाहू माय, आंदी रक्त पाहू."

मग तिचं पोरगं. तू त्याच्या अंगातला सदरा पोटावरून वर करतेस आणि घड्याळ धरून पाहत राहतेस. पोरगं आईच्या मांडीवर झोपलेलं, पोट भरभर वरखाली. मी तुझ्या पदराशी उभा, मले कंटाळा आलेला. मी म्हणतो, "आई, भूक लागली." तू एक शब्द बोलत नाहीस, पण तुझा हात येते आणि माझ्या पाठीत बसते. जोरात. मिनिट संपल्यावर तू सांगतेस, "मोजताना बोलाचं नाई. आता मले पयलेपासून मोजा लागन. तुह्या भुकेपाई त्या लेकराचं एक मिनिट गेलं." आणि खरंच पहिलेपासून मोजतेस. त्या दिवशी तू मले जेवतानाही जवळ घेतलं नाही. आपण एसटीनं परत आलो, पूर्ण रस्ता तू खिडकीतून बाहेर पाहत होतीस. रिसोडले उतरताना म्हणालीस, "लागलं का लय?" मी नाही म्हणालो. तू माझं मनगट धरलं आणि स्टँडपासून घरापर्यंत सोडलं नाही. तेव्हा मले वाटलं, लाड करून राह्यली. मोठा झाल्यावर वाटलं, नाडी मोजत असेल. आता दोन्हीबद्दल मले काही वाटत नाही, पण मनगटावर ती जागा अजून सांगता येते.

बारावीनंतर मी नर्सिंगले गेलो तेव्हा रिठदच्या मामीनं भर पंगतीत तुले विचारलं होतं, "काहून वो बाई, पोरीचं शिक्षण देऊन राह्यली का पोराले? उद्या साडी बी नेसवशीन." सगळ्या हसल्या. तू भाकर मोडत म्हणालीस, "तुमी पडसान ना एखाद दिवशी दवाखान्यात, तवा हाच येईन तुमचं भांडं उचलाले. तवा नका म्हनू, पोरगी पाठवा."  त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या हातातलं घड्याळ काढून मले दिलं. पट्टा बायकांचा होता, बारीक. तो बदलून आणला होतास. सेकंदाचा काटा लाल. तू म्हणालीस, "मोबाईलमंदी पाहून मोजू नको. लोकायले वाटते, सिस्टर मेसेज पाहून राह्यली." ते घड्याळ अजून चालू आहे. कशाचं चिन्ह वगैरे नाही, सेल बदलतो म्हणून चालू आहे.

आणि मग आपलं स्वयंपाकघर. हे मले सावकाश लिहायचं आहे.

पहिल्या वर्षी मी सुट्टीत घरी आलो की तू पेशंट व्हायचीस. भाकर थापतानाच. उजवा हात परातीत, डावा हात माझ्याकडे लांब करून म्हणायचीस, "घे. सिस्टर आली वॉर्डात." मी म्हणायचो, ब्रदर. तू म्हणायचीस, "वॉर्डात सारे सिस्टरच असतात." मी मनगट धरायचो, तुझ्या खांद्याकडे पाहायचो, आणि तू लबाडी करायचीस. मुद्दाम भरभर श्वास घ्यायचीस, नाहीतर मुद्दाम हळू. मी खरंच मोजतो का ठोकून देतो हे पाहायले. पहिल्या दिवशी मी विचारही न करता सांगितलं, "वीस."

"खोटारड्या पोट्ट्या. बत्तीस घेतले मी."

"तुले काय माहीत?"

"मी बी मोजून राह्यली होती. वीस कोनाचेच नसतात. आमच्या वॉर्डातल्या शीटा पाह्य जाऊन. मरनाऱ्याचे वीस, बाळंतिनीचे वीस, प्लास्टरवाल्याचे वीस. वीस लिवले म्हनजे सिस्टरनं मोजलंच नाई."

तव्यावरची भाकर फुगली होती. तू ती उलटवली आणि मग तू मले आजारी माणूस करून दाखवलास. अजून दिसते ते. नाकपुड्या फुगवल्यास. मानेच्या शिरा ताणल्यास. गळ्याखालचा तो खळगा दरवेळी आत ओढून घेतलास. आणि तुटक बोललीस, "पानी... दे... बावा." म्हणालीस, "पाह्य, असं एकेक शब्द बोलून राह्यला माणूस का समज, वाक्य पुरं कराले हवा पुरत नाई त्याले. मंग तापमापी शोधत बसू नको. डॉक्टरले हाक मार." तुझं नाटक इतकं खरं होतं की बाबा बाहेरून धावत आले होते. तू पिठाच्या हातानं तोंड झाकून हसून राह्यली होतीस.

त्यानंतर तो खेळच झाला. मी मुद्दाम म्हणायचो, वीस. तू म्हणायचीस, खोटारड्या. मग मी खरा आकडा सांगायचो, आणि बरोबर निघाला तर तू भाकरीचा पहिला पापुद्रा मले द्यायचीस. दोन वर्षं. किती वेळा खेळलो माहीत नाही. त्यात ठरलेलं एवढंच होतं की आधी वीस, मग शिवी, मग खरं.

आता तो दिवस. तुले ताप आणि खोकला होता. तू चार दिवस अंगावर काढून ड्युटी केलीस आणि पाचव्या दिवशी रिसोडच्या आपल्याच दवाखान्यात, आपल्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर भरती झालीस. मी कॉलेजातून आलो. सकाळी तू बरी होतीस. बीपीचा पट्टा बांधणाऱ्या नवीन सिस्टरले म्हणालीस, "बाई, हा पट्टा हाये का गाठोडं? दोन बोटं जाऊ दे खालून." पलंगावर पडूनही तू समोरच्या म्हातारीकडे पाहून मले सांगितलं की तिची लघवी सकाळपासून झाली नाही, जा सांगून ये. मी सांगितलं. खरंच झाली नव्हती.

दुपारी वॉर्डात तुझ्यासोबतची सिस्टर एकटीच होती, ती उंच, जिच्यासोबत तू डबा खायचीस. तिकडे बाळंतीण आलेली. तिनं जाता जाता माझ्या हातात शीट दिली. "बावा, तू तं आपलाच हायेस. आईचं तेवढं लिवून टाक दोनचं." बाबा घरून डबा आणायले गेले होते. मी स्टूल ओढलं. ताप एकशे एक. नाडी एकशे बारा. मनगट धरूनच ठेवलं आणि तुझ्या छातीकडे पाहिलं.

इथपर्यंतचं सगळ्यांले माहीत आहे. पुढचं मी असं सांगतो: मी थकलो होतो, सगळे लिहितात तसं मीही वीस लिहिलं. डॉक्टर सव्वादोनले आले, शीट पाहिली, पुढं गेले. चार वाजता सिस्टर मोकळी होऊन तुझ्याकडे आली, तुझं बोट उचललं आणि म्हणाली, "अगं बाई, नखं निळी कवापासून?" ऑक्सिजन लावला. गाडी बोलावली. अकोल्याच्या रस्त्यानं मालेगाव मागं पडलं, आणि पातूरच्या अलीकडे सिस्टरनं घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहून घेतली. बाबा पुढं ड्रायव्हरजवळ होते, त्यांले तिनं लगेच सांगितलं नाही.

तेराव्याच्या आधीच ती घरी आली होती. ओट्यावर बसून तिनं हळू आवाजात विचारलं, "बावा, मोजलं नव्हतं ना तू?"

मी म्हणालो, "नाई मोजलं."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आमी बी कुठं मोजतो रे. सारे वीसच लिवतो. आता जीवाले लावून घेऊ नको." ती रडली. बाबांनीही ऐकलं, आणि ते मले कधी काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझी चूक सगळ्यांची चूक झाली. त्यात उभं राहायले जागा होती. मी नर्सिंग सोडलं, वाशीमले बीए केलं, लिहायले लागलो. हा प्रसंगही मी तीनदा लिहिला आहे. एकदा शीटसारखे रकाने पाडून, एकदा एकही क्रियापद न वापरता, एकदा पलंगाच्या बाजूनं. एक छापूनही आला. लोक म्हणाले, फार प्रामाणिक आहे. तिन्हींत मी मोजत नाही.

आई, मी मोजले होते.

पूर्ण मिनिट, लाल काट्यावर. अडतीस. तुझ्या नाकपुड्या फुगत होत्या. गळ्याखालचा खळगा आत जात होता. मानेच्या शिरा ताणलेल्या. सगळं जसंच्या तसं, तू चुलीपाशी करून दाखवलं होतंस तसं. आणि मले वाटलं, तू खेळून राह्यलीस. सकाळी पट्ट्यावरून बोललीस, म्हातारीचं सांगितलंस, आता माझी परीक्षा. शिवाय तू माझ्याकडेच पाहत होतीस. मी काय मोजून राह्यलो हे त्या वॉर्डात एकट्या तुलेच कळत होतं, तुझे श्वास तुले न कळू देता मोजणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "बस झालं आई, इथं तरी नको." आणि हसलो.

तू म्हणालीस, "किती?"

एवढंच. एक शब्द. त्याच्या पुढं काही आलं नाही, आणि मले ते ऐकू आलं नाही, म्हणजे ऐकू आलं पण मी मोजलं नाही. मी म्हणालो, "वीस." आणि तुले दिसेल असं शीटवर लिहिलं, वीस. खेळात तसंच होतं ना. आधी वीस. मग तू शिवी देणार, मग मी त्यावर एक रेघ मारून, सही करून, बाजूले अडतीस लिहिणार. खाडाखोड करायची नाही, एकच रेघ मारायची, हेही तूच शिकवलेलं. मी पेन उघडाच ठेवला होता.

तू डोळे मिटलेस.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी माझ्या हातातून शीट घेतली. "वीस. छान. सिस्टरबाई झोपल्या वाटते, झोपू दे." मी पलंगाच्या पायथ्याशी होतो. सर, ते खरं नाही, असं म्हणायचं होतं. एवढे चार शब्द. पण मग सांगावं लागलं असतं की मी पेशंटच्या शीटवर गंमत केली, आणि सोबत दोन विद्यार्थिनी होत्या, आणि मले लाज वाटली. मनात म्हटलं, चारच्या शीटले बरोबर लिहू. डॉक्टर पुढच्या पलंगाशी गेले. मी स्टुलावर बसलो. खिशातून वही काढली आणि वॉर्डाचं वर्णन लिहायले लागलो, खिडकी, सलाईनचा स्टँड, झोपलेली आई. पावणेदोन तास. तू शिकवलेली पहिली गोष्ट होती पाहणं, आणि मी तुझ्याबद्दल लिहून राह्यलो होतो, मान खाली घालून.

ते वर्णन अजून माझ्याजवळ आहे. चांगलं आहे.

बाबा ओट्यावरून विचारून राह्यले, काय लिहितो. खोकला कमी आहे त्यांचा. त्यांले सांगायचं का हे मी अजून ठरवलं नाही, आणि हा कागद कुठं टाकायचा तेही नाही. टपालपेटी तर तुझ्यापर्यंत जाणारी कुठलीच नाही. बहुतेक त्याच वहीत राहील, त्या वर्णनाच्या मागच्या पानावर. पण मघाशी बाबांचे श्वास मोजल्याचं मी तुले पुरं सांगितलं नाही, आई. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, किती, तेव्हा माझ्या तोंडून आधी अठरा नाही निघालं. आधी वीस निघालं, हळू, त्यांले ऐकू जाणार नाही असं. आणि मी थोडा थांबलो, शिवीसाठी.